फिरत्या दवाखान्यातली हवा

१६ एप्रिल १९६९, बुधवार

आज आमच्या संस्थेच्या फिरत्या दवाखान्याचं उद्घाटन झालं. म्हणजे महायुद्धातून निवृत्त झालेल्या एका पेट्रोल ट्रकला पांढरा रंग फासला, मागे पत्र्याची खोली बसवली, आत एक टेबल, दोन बाकं आणि औषधाचं कपाट ठेवलं आणि वर लाल अक्षरांत ‘आरोग्य आपल्या दारी’ असं लिहिलं. नागपुरातल्या धंतोलीच्या दवाखान्यातली पक्की नोकरी सोडून मी याच ट्रकची सिस्टर झाले आहे. आई तेव्हापासून आमच्या सगळ्या इंदोरा वस्तीला सांगत फिरते की पोट्टीचं डोकं फिरलं.

मागच्या खोलीच्या खिडक्यांना दुधी काचा आहेत आणि त्या उघडत नाहीत. ही सेक्रेटरी मनोहररावांची खास कल्पना. बायकांची तपासणी व्हायची, तर लाजेचा विचार नको का? श्वासाचा विचार पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात असावा. सध्या हवेसाठी पुढे बॉनेटजवळ एक विजेचा पंखा आहे. तो बाहेरची हवा ओढतो आणि पत्र्याच्या नळातून आत पाठवतो. एक जाळी ड्रायव्हरच्या डोक्याशी, दोन आमच्या मागच्या खोलीत.

मनोहररावांनी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. पंखा गरजला. जाळीतून एखाद्या म्हाताऱ्याने उसासा टाकावा एवढी हवा आली आणि तिच्या मागोमाग असा वास आला की सेक्रेटरीणबाईंनी नाकाला पदर लावला तो घरी जाईपर्यंत काढला नाही. पेढे मात्र सगळे वाटून झाले.

ड्रायव्हरचं नाव चंपतराव. काटोलकडचा, शेतकऱ्याघरचा, चाळिशीचा. उंच आहे. कोणी विचारल्याशिवाय बोलत नाही. भाषणं चालू असताना हा गृहस्थ ट्रकच्या सावलीत उभा राहून उद्घाटनाचा नारळ कधी फुटतो याची वाट बघत होता, खोबऱ्यासाठी.

१९ एप्रिल

पाटणसावंगीला पहिला कॅम्प. वास तसाच. दुपारपर्यंत तीन विद्वान मतं जमा झाली. डॉक्टर शरच्चंद्र म्हणाले, औषधाच्या बाटलीचं बूच सैल आहे. मनोहरराव म्हणाले, गावकरी आंघोळ करत नाहीत. गावकरी चढायच्या आधीपासून वास होता, असं मी म्हटलं तर म्हणाले, “सिस्टर, तुम्हाला नकारात्मक बोलायची सवय आहे.”

चंपतरावाला विचारलं, तर म्हणाला, “काहीतरी मेलं आहे.”

“कुठे?”

“आतमंदी.”

एवढं बोलून तो चाकाला लाथा मारून हवा बघायला गेला.

एक नोंदवून ठेवते. पाणी प्यायचं झालं की हा माझ्याच सुरईजवळ येतो. “सिस्टर, पानी द्या जी.” गावात दोन बायांनी औषध घेतलं, पण माझ्या हातचं पाणी नको म्हणाल्या, ते मला नवीन नाही. हा तांब्याला तोंड न लावता वरून धरतो आणि घटाघटा पितो, आणि तेही सगळ्यांसमोर. ऐन उन्हात माझी अर्धी सुरई रिकामी करतो. संस्थेने याला स्वतःची सुरई का देऊ नये?

२३ एप्रिल

वासावर उपाययोजना झाली. पहिल्या दिवशी फिनेल. दुसऱ्या दिवशी फिनेल आणि उदबत्त्या. आज सेक्रेटरीणबाईंनी घरून वाळ्याची ताटी पाठवली. ती हवा ओढायच्या तोंडावर तारेने बांधली आणि तिच्यावर पाणी शिंपडलं. थंडगार सुगंधी वारा यायचा होता. जो उसासा येत होता तोही बंद झाला. आता आत बसलं की देवघरात उंदीर मेल्यासारखं वाटतं.

मनोहरराव जाळीजवळ हात नेऊन डोळे मिटून म्हणाले, “आहे. फरक आहे.”

डॉक्टर म्हणाले, “आहे, आहे.” डॉक्टर नेहमी दोनदा म्हणतात. बिचाऱ्यांची नेमणूक अजून कायम व्हायची आहे.

२६ एप्रिल

आज कॅम्प नव्हता. पट्ट्या मोजायला म्हणून मी संस्थेच्या आवारात गेले, तर चंपतराव ट्रकचा नळ उघडून बसला होता. कोणाला विचारलं होतं का? नाही. ताटी काढून बाजूला फेकली होती.

“बरं झालं आलात. बॅटरी धरा.”

मी नर्स आहे, बॅटरी धरणारी नाही, हे सांगेपर्यंत बॅटरी माझ्या हातात होती. त्याने नळात खांद्यापर्यंत हात घातला आणि एकेक ऐवज बाहेर काढू लागला. चिंध्या, बोरूचे तुकडे, संत्र्याच्या साली, लष्करी हिरव्या कापडाचा पट्टा. शेवटी एक घूस, वाळून पापड झालेली, आणि तिची बाळं.

“बाळंतीण होती बिचारी,” तो म्हणाला. आणि त्या सगळ्या कुटुंबाला खड्डा खणून पुरलं. कचराकुंडी जवळच होती.

मग बटण दाबलं. मागच्या खोलीतले माझे सगळे कागद उडाले! डोक्यावरचा पदर उडाला. तो जाळीखाली उभा राहून लहान पोरासारखा हसत होता. घामाने भिजलेला, केसांत बोरू, तोंडाला काजळी. असं ध्यान मी आयुष्यात पाहिलं नाही. घरी येईपर्यंत तेच डोळ्यासमोर येत होतं, इतकं विचित्र होतं.

३० एप्रिल

वारा उत्तम, वास गेला. म्हणजे तक्रारीला नवीन जागा झाली. वाऱ्याबरोबर धूळ येते. काल सावनेर रस्त्यावर मनोहररावांच्या पांढऱ्या धोतराचा रंग बदलला. मुक्कामाला पोचताच हुकूम निघाला की हवा ओढायचं तोंड बाहेर उघड्यावर नको, वळवून बॉनेटच्या आत घ्यावं, म्हणजे धूळ लागणार नाही.

चंपतराव म्हणाला, “साहेब, आत इंजिनाची गरमी राहते.”

“थोडी गरमी चालेल. धूळ आरोग्याला घातक. काय डॉक्टर?”

“घातक, घातक.”

त्याने पत्रा कापून तोंड आत वळवलं. काम नेटकं केलं. मनाविरुद्धचं कामसुद्धा हा माणूस नीटच करतो, हा एक प्रकारचा हेकटपणाच म्हणायचा.

५ मे

फिरत्या दवाखान्याचं भाग्य उजळलं आहे. वास नाही, धूळ नाही, हवा भरपूर. मनोहररावांनी नियम केला की कॅम्पमध्येही इंजिन चालूच ठेवायचं, म्हणजे पंखा बंद पडणार नाही आणि रुग्णांना गारवा मिळेल. गारवा नाही, गरम वाफ येते, पण वाहते.

डॉक्टर शरच्चंद्र आता रुग्णाची जीभ पाहता पाहता झोपतात. आज एका म्हातारीनेच त्यांना हलवून उठवलं. माणूस एकदा कायम झाला की असाच सुस्तावतो. यांची ऑर्डर परवाच निघाली.

माझं डोकं दुखतं आहे. आईने सकाळी कामठीच्या कारकुनाचं स्थळ पुन्हा काढलं होतं. “काहून नाही म्हनतं वं? विधुर आहे तं का झालं? तुलेही तं छत्तीस लागलं.” सकाळी सकाळी हे ऐकल्यावर कोणाचं डोकं दुखणार नाही.

८ मे

लिहवत नाही. अक्षर अक्षर हलतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार. संध्याकाळी घरी आल्यावर उलटी झाली. दुपारचे आंबे. आंबे मी खाल्ले नाहीत, पण डॉक्टरांनी खाल्ले होते. असो. निजते.

१० मे

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

खापरखेड्याच्या पुढचा कॅम्प संपवून परत येत होतो. दिवसभर इंजिन चालू होतं. रस्ता सरळ, समोर चिटपाखरू नाही, आणि ट्रक हळूच, अगदी ठरवून घेतल्यासारखा, डावीकडे उतरला, एका संत्र्याच्या बागेचं कुंपण मोडून आत शिरला आणि दोन झाडांच्या मधे थांबला. औषधाचं कपाट माझ्या पायावर. डॉक्टर बाकावरून खाली पडले, तरी जागे व्हायला त्यांना वेळ लागला.

मी लंगडत पुढे गेले. चंपतराव स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. खाली उतरवला तर पाय एकीकडे आणि तो दुसरीकडे. ओकला. डोळे लालभडक.

“मी झोपलो नव्हतो जी,” एवढंच म्हणत राहिला. “मी झोपलो नव्हतो. मले रस्ता दिसून राहिला होता.”

मागून मनोहरराव जीपमधून आले. एकदा नजर टाकली आणि निकाल दिला, “प्यायला आहे.”

मला विचारलं, “सिस्टर, डोळे लाल होते की नाही?”

“होते.”

“पाय लटपटत होते?”

“होते.”

“वास?”

“दारूचा वास मला आला नाही,” मी म्हणाले.

“तुम्हाला सर्दी असेल.”

चंपतरावाने माझ्याकडे पाहिलं. विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

१२ मे

कमिटी बसली. चहा झाला. चंपतरावाला कामावरून कमी केलं. त्याला बोलावलंच नव्हतं. ‘सिस्टरांच्या साक्षीवरून’ असे शब्द वापरले. लाल डोळे तेवढे मोठ्याने वाचले. दारूचा वास नव्हता, हे वाक्य त्या चहात विरघळलं असावं. मी ते पुन्हा सांगायला उठले, तर मनोहरराव म्हणाले, “आपल्या भावना समजतो.” माझ्या कसल्या भावना? मला फक्त नवीन ड्रायव्हर कसा मिळतो याची काळजी आहे.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, “एका डायवरासाठी उपाशी राहून राहिली?” मी म्हटलं, भाजी खारट आहे. भाजी खारट नव्हती.

१५ मे

नवीन ड्रायव्हर आले. वामनराव, मनोहररावांच्या मावसबहिणीचे यजमान. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. कांदा नाही, लसूण नाही, चहासुद्धा नाही. मनोहररावांनी त्यांना कमिटीसमोर असं उभं केलं जसं काही व्यसनमुक्तीचं प्रदर्शन.

स्वभावाने गरीब माणूस आहे. ट्रक बैलगाडीसारखा चालवतात. माझ्या सुरईतलं पाणी घेत नाहीत, घरून तांब्या आणतात. सुरई आता संध्याकाळी भरलेलीच परत येते. किती सोय झाली.

१७ मे

वामनराव दुपारी ट्रकमध्ये घोरत होते. म्हणाले, “एकादशीचा उपवास बाधला.” एकादशी होऊन गेली आहे.

२० मे

लिहून काढल्याशिवाय आज निजता येणार नाही.

खापरखेड्याच्या पलीकडच्या एका वस्तीत कॅम्प लावला होता. इंजिन चालू, पंखा चालू, डॉक्टर बंद. तेवढ्यात मीराबाई नावाच्या एका बाईला बाजेवर घालून आणलं. पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून कळा, मूल आडवं. डॉक्टरांनी तपासलं आणि खडबडून जागे झाले. म्हणाले, इथे काही होणार नाही, धंतोलीला न्या. तिला मागच्या बाकावर निजवलं, सासू पायाशी बसली, आणि निघालो.

थोडं अंतर गेलो नाही तोच सासू म्हणाली, “बाई, मले चक्कर येऊन राहिली.” मी म्हटलं, धीर धरा. धीर धरा म्हणताना मलाच खोली फिरताना दिसत होती. डॉक्टरांची मान छातीवर. मीराबाई तर ओरडायचीच थांबली. कळा येत होत्या आणि ती नुसती डोळे अर्धे मिटून पडली होती. बाळाचे ठोके ऐकले तर मंद.

कोराडीच्या अलीकडे ट्रक थांबला. मी चिडून खाली उतरले. वामनराव चाकाला धरून ओकत होते. डोळे लालभडक. पाय लटपटत होते.

“काय झालं तुम्हाला?”

“पांडुरंगाची शप्पथ बाई, मी काही घेतलं नाही!”

भर दुपार होती, लू अशी चालली होती की डोळ्यांत निखारे. त्या आगीत मी त्यांच्यावर खेकसत उभी राहिले, आणि खेकसता खेकसता माझं डोकं हलकं झालं. स्वच्छ झालं. मी परत आत चढले. क्षणात तेच जडपण. पुन्हा खाली उतरले. तेव्हा कुठे माझ्या नऊ वर्षांच्या नर्सिंगला जाग आली. दारू पिणारा म्हणून काढलेला, माळ घातलेला, कायम झालेले डॉक्टर, बाळंतीण, तिची सासू आणि मी, सगळेच कसे प्यायलो होतो? ट्रकमध्ये बसलेला प्रत्येक जण आजारी आणि रस्त्यावर उभा राहिलेला बरा.

पंख्याचं बटण बंद केलं. सीटखालचा जॅकचा दांडा काढला आणि बाहेरून एकामागून एक सगळ्या दुधी काचा फोडल्या. आवाजाने डॉक्टर उठले.

“सिस्टर! संस्थेच्या काचा!”

“बायकांच्या लाजेचं नंतर बघू,” मी म्हणाले. “आधी खाली उतरा आणि श्वास घ्या.”

मीराबाईला आम्ही सावलीत काढलं, तोंडावर पाणी मारलं. आमच्याजवळ प्राणवायूचा सिलिंडर नाही; ‘आरोग्य आपल्या दारी’ लिहिण्यात रंग संपला होता. लू तर लू, पण हवा होती. हळूहळू ती पुन्हा कण्हू लागली. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. वामनराव सावरल्यावर दारं दोरीने उघडी बांधली, फुटक्या खिडक्यांतून भाजत भाजत धंतोली गाठली. तिथे माझ्या जुन्या सोबतिणींनी, तिथल्या नर्सबायांनी, एका शब्दाने काही न विचारता स्ट्रेचर आणलं.

पोट फाडून मुलगी काढली. रडायला तिने वेळ लावला. मग रडली. दोघी सुखरूप आहेत.

२१ मे

सकाळीच महाल भागात चंपतरावाच्या घरी गेले. गल्लीत विचारत विचारत गेले, कारण आजवर त्याचा पत्ता घ्यायची मला काय गरज होती? दार त्याच्या मोठ्या बहिणीने उघडलं. वच्छलाबाई. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून म्हणाल्या, “ह्याच का त्या सिस्टर? या, या. हा रोज तुमचंच सांगत राहते.” माझ्याबद्दल इतक्या तक्रारी असतील असं वाटलं नव्हतं.

तो आत गाठोडं बांधत होता. काटोलला, भावाच्या शेतावर चालला होता.

“आता कायले आल्या जी? मी तं दारुडा.”

“तुम्ही प्यायला नव्हता, हे मला कळलंय.”

“तुमाले आता कळलं. मले तं तवाच ठाऊक होतं.”

मी सगळं सांगितलं. मीराबाईचं, काचांचं, वामनरावांच्या डोळ्यांचं. तो ऐकत राहिला. काचांच्या ठिकाणी थोडा हसला. मग गाठोडं पुन्हा आवळायला लागला.

“बिघाड कळला न? आता कोनताही मिस्त्री काढन.”

“कोणताही मिस्त्री नको. तुम्ही हवे.”

हे मी कामाच्या दृष्टीने म्हणाले. वच्छलाबाई मात्र उगाचच चहा ठेवायला आत निघून गेल्या.

हातातली गाठ तशीच सोडून तो म्हणाला, “सिस्टर, तुमी साहेबाले सांगितलं का डोळे लाल होते.”

“होते ना.”

“होते. पन तुमी माह्याकडे पाहून सांगितलं असतं तं चाललं असतं. तुमी खाली पाहून सांगितलं.”

आत्ताही मी खालीच पाहत होते. चहा घेतला. मी निघताना म्हणाला, “उद्या येतो. नोकरीसाठी नाई. ट्रक तसा बिघडलेला सोडून जमनार नाई.”

२२ मे

बॉनेट उघडलं. इंजिन सुरू केलं. मी काठीला पांढरी पट्टी गुंडाळून दिली, त्याने ती एकेका सांध्याजवळ धरली. इंजिनातून धूर जिथे पाइपात उतरतो त्या जोडाशी पट्टी काळी झाली. धूर अडवणारं मधलं गॅस्केट जळून गेलं होतं. धूर मागच्या पाइपाने न जाता तिथूनच फसफसत होता. आणि त्याच्या वीतभर वर, जणू त्याचीच वाट बघत, हवा ओढायचं वळवलेलं तोंड. आम्ही सगळे इतके दिवस इंजिनाचा उच्छ्वास हुंगत होतो. त्या धुरातला विषारी वायू मुळात बिनवासाचा. वास गेला म्हणून जे खूश झाले त्यांना कोणी सांगावं?

चंपतरावाने इंजिन बंद केलं आणि बंपरवर बसून राहिला.

“ते तोंड इथं मीच बसवलं.”

“मनोहररावांनी बसवायला लावलं.”

“हात तं माहे होते न. जोड मी पाहाले पाहिजे होता. ती बाई मेली असती तं?”

मी म्हटलं, मेली नाही. तो म्हणाला, तुमच्यामुळे. मी सुरईतलं पाणी दिलं. प्यायला, आणि उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं. एवढं पाणी वाया!

दिवसभर तिथेच होते. नवीन गॅस्केट बसलं, तोंड पुन्हा बाहेर आलं, धुळीसाठी त्यावर बारीक जाळी लागली. खरं तर पट्टी देऊन झाल्यावर माझं तिथे काही काम नव्हतं.

२५ मे, रविवार

कमिटी. आज चंपतरावाला बोलावलं होतं, दाराशी उभा. मनोहररावांचा सूर मोठा उदार होता. बिघाड संस्थेच्या दक्षतेमुळे उघडकीस आला. चंपतराव यांच्या हातून झालेल्या चुकीबद्दल कमिटी त्यांना माफ करून पुन्हा कामावर घेत आहे.

टाळ्या वाजणार तेवढ्यात चंपतराव म्हणाला, “माफी नको जी.”

“म्हणजे?”

“मी तोंड चुकीच्या जागी बसवलं, त्याची जी सजा असन ती द्या. पन मी पेलो नव्हतो. तेवढं म्हना.”

सगळे छताच्या पंख्याकडे बघू लागले. मी उठले. या वेळी नीट मनोहररावांकडे पाहूनच बोलले. “त्या दिवशी यांचे डोळे लाल होते असं मी सांगितलं. माझेही लाल होते, डॉक्टरांचेही होते. आम्ही काय प्यायलो होतो ते कमिटीने विचारावं.”

“सिस्टर, बसा.”

“बसते. आधी म्हणा.”

अनपेक्षितपणे मागून वामनराव उठले. मनोहरराव त्यांचे नातलग. गळ्यातली माळ हातात धरून म्हणाले, “माहेही लाल होते. मी काही पेलो असं म्हनाचं असन तं तसं लिहा.” डॉक्टर शरच्चंद्र हलक्या आवाजात म्हणाले, “माझेही.” आयुष्यात प्रथमच एकदाच म्हणाले.

मनोहरराव खाकरले. चष्मा पुसला. म्हणाले, “चंपतराव प्यायलेले नव्हते.” मग घाईने, “तोंड वळवायची सूचना माझी होती, असंही कोणी म्हणू शकेल.”

“आत्ता तुम्हीच म्हटलंत,” मी म्हणाले आणि बसले.

२ जून

ट्रक पुन्हा सुरू, स्टिअरिंगवर पुन्हा चंपतराव. मागच्या खिडक्यांना आता काचा नाहीत, जाड सुती पडदे आहेत. लाज आणि हवा दोन्ही आत राहतात. रस्त्यात मीराबाईच्या वस्तीवर थांबलो. ती माहेरी गेली आहे. सासूने मला ओसरीवर बसवून ताक दिलं, आणि माझ्या हातून रिकामा पेला घेऊन स्वतः विसळला. एरवी अशा घरांत तो मलाच विसळून ठेवावा लागतो. चंपतरावाने ते पाहिलं.

सकाळी निघताना वेगळाच प्रकार झाला होता. मी नेहमीसारखी मागे चढायला गेले तर तो म्हणाला, “सिस्टर, तुमी पुढं बसत जा.”

“का? मागे काय झालं?”

“मागं काही नाई झालं.” टोपी काढली, पुन्हा घातली. “मले गाडी चालवता चालवता झोप येऊन राहिली का, ते कोनीतरी पाहाले पाहिजे न. मागच्या वेळी कोनी पाहिलं नाई.”

पुढची सीट फाटलेली आहे, तिची स्प्रिंग टोचते, इंजिनाची सगळी गरमी पायावर येते आणि हा माणूस रस्ताभर चार वाक्यं बोलतो. तरी बसले. जाताना बसले आणि येतानाही बसले. त्याच्याकडे लक्ष ठेवायचं म्हणजे त्याच्याकडे बघायला हवं, म्हणून बघत होते.

गॅस्केट नवं आहे. तोंड बाहेर आहे. हवा स्वच्छ आहे. त्याला झोप येण्याचं आता काहीही कारण उरलेलं नाही. हे मी त्याला सांगितलं नाही.